मागच्या ब्रेकचं नवीन पेडल: दहा मिनिटांचं काम, पण एक मिलिमीटर सांभाळा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. आजचा विषय छोटा वाटेल, पण आहे थेट जिवाशी खेळणारा: ऑफ-रोड गाडीला बाहेरून घेतलेलं मागच्या ब्रेकचं पेडल बसवणं.

भिवंडीत राहणाऱ्यांना ऑफ-रोड शोधायला लांब जावं लागत नाही. पाऊस सुरू झाला की अंजूरफाट्याचा रस्तासुद्धा ट्रेनिंग ट्रॅकच असतो! थोडं पुढे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला तानसा नदीकाठ आहे, आसनगावकडे माहुलीच्या पायथ्याचे मातीचे रस्ते आहेत. 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200 आली आणि कमी बजेटमध्ये अशा रस्त्यांवर जाणारी पोरं वाढली. या गाडीत एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. म्हणजे मागचं चाक किती दाबायचं, कधी लॉक करून घसरवायचं, हे सगळं तुमच्या उजव्या पायावर. म्हणूनच पेडल महत्त्वाचं.

नवीन पेडल घ्यायचं कशाला?

तीन कारणं असतात. एक, टोकाची पट्टी रुंद आणि दातेरी असते, त्यामुळे चिखलाचा बूट सटकत नाही. दोन, टोक दुमडणारं असतं. दगडावर आपटलं तर टोक दुमडतं, अख्खं पेडल वाकून इंजिनच्या कव्हरला भिडत नाही. तीन, उंची बदलता येते. आपण बसून चालवतो तेव्हा पाऊल आपोआप पेडलवर पडतं. पण फूटरेस्टवर उभं राहिलं की तेच पेडल खाली राहतं आणि टाच उचलून पंजा खाली ढकलावा लागतो. म्हणून उभं राहून चालवणारे पेडल किंचित वर घेतात.

आता थोडं गणित

पेडल म्हणजे साधी तरफ. समजा पिव्हटपासून पायाच्या पट्टीपर्यंत 120 मिमी आणि पिव्हटपासून पुशरॉडपर्यंत 30 मिमी अंतर आहे. म्हणजे प्रमाण 4:1. पायाने 10 किलोचा जोर दिला की पुशरॉडवर 40 किलोचा जातो. नवीन पेडल 135 मिमीचं असेल तर प्रमाण 4.5:1 झालं आणि जोर 45 किलो. भारी ना? पण फुकट काही मिळत नाही. पिस्टन 3 मिमी सरकवायला आधी पाय 12 मिमी दाबावा लागायचा, आता 13.5 मिमी. म्हणजे नवीन पेडल जास्त जोरात लागेल, पण थोडं खोल जाईल. पायाला नवीन सवय लागेपर्यंत हायवेवर घाई नको.

बसवायचं कसं?

गाडीला डबल स्टँड नसेल तर पॅडॉक स्टँडवर घ्या. मागचं चाक हवेत पाहिजे. आधी हाताने चाक फिरवा आणि किती मोकळं फिरतं ते लक्षात ठेवा. ही तुमची 'आधीची' रीडिंग. मोबाईलवर जुन्या जोडणीचे दोन-तीन फोटो काढा, स्प्रिंग कुठल्या भोकात आहे ते दिसायला हवं.

मग क्रमाने: ब्रेक लाइटच्या स्विचची बारीक स्प्रिंग काढा, पेडलची रिटर्न स्प्रिंग काढा, पुशरॉडच्या पिनमधली स्प्लिट पिन काढून पिन बाहेर घ्या आणि शेवटी पिव्हटचा बोल्ट. पिव्हटवरचा चिखल पुसून नवीन ग्रीस लावा. पावसाळ्यात इथेच गंज धरतो आणि पेडल दाबल्यावर वर यायला आळस करतं. नवीन पेडल उलट्या क्रमाने लावा. बोल्ट किती कसायचा ते मॅन्युअलमध्ये बघा. स्प्लिट पिन नवीनच टाका. जुनी सरळ करून परत वाकवली की तुटते आणि ती तुटली की पेडल आणि ब्रेकचा संबंधच संपला.

खरा धोका इथे आहे

बरेच जण उंची लावतात आणि निघतात. पण काही गाड्यांना पेडल किती वर यावं हे ठरवणारा वेगळा स्टॉप बोल्ट असतो. तो फिरवून पेडल खाली घेतलं की काय होतं? पेडल खाली, म्हणजे पुशरॉड आत. म्हणजे पाय न लावताही तुम्ही ब्रेक किंचित दाबूनच ठेवलाय!

मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि तापून फुगलेलं ब्रेक ऑइल डबीत परत जातं. पिस्टन जरा जरी पुढे राहिला तरी भोक झाकलेलं राहतं. मग ऑइल तापतं, फुगतं, परत जायला वाट नाही, म्हणून पॅड डिस्कला आणखी दाबतात, त्याने आणखी ताप. कोडिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा असा लूप आहे ज्यात 'ब्रेक' लिहायलाच विसरलोय. शेवट दोनपैकी एक: मागचं चाक चालत्या गाडीत जाम, किंवा ऑइल उकळून पेडल एकदम पोकळ. मुंबई-नाशिक हायवेवर कंटेनर मागे असताना किंवा कसारा घाट उतरताना दोन्ही गोष्टी नकोत.

म्हणून क्रम असा: आधी उंची, मग पुशरॉडचा चेकनट सैल करून रॉडची लांबी. पेडल हाताने हलवलं की सुरुवातीला थोडं रिकामं हललं पाहिजे, त्यानंतर जोर लागला पाहिजे. हे किती मिलिमीटर ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. रॉड लांब करताना त्याचे आटे जोडाच्या आत पुरेसे अडकलेले हवेत, टोकावर लटकलेले नकोत. मग चेकनट कसा.

निघण्याआधी

ब्रेक लाइट तपासा. पेडल जरासं दाबताच लागला पाहिजे आणि सोडल्यावर विझला पाहिजे. सतत पेटलेला लाइट असला की मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळतच नाही.

आता चाक पुन्हा फिरवा. आधीइतकंच मोकळं हवं. पण थंड गाडीवरची ही टेस्ट पुरेशी नाही. गल्लीतल्या गल्लीत, कमी स्पीडला, ब्रेक मारत चार-पाच किलोमीटर फिरा आणि लगेच स्टँडवर घेऊन परत चाक फिरवा. गरम असतानाही मोकळं असेल तरच काम झालं. जड वाटलं तर गाडी थंड होऊ द्या आणि पुशरॉड थोडा आखूड करा. डिस्कला हात लावून बघू नका, चांगलाच चटका बसतो.

गॅरेजमध्ये काम करून घेणार असाल तरी मिस्त्रींना तीनच गोष्टी विचारा: स्प्लिट पिन नवीन टाकली का, पेडलला रिकामी हालचाल ठेवली का, गरम झाल्यावर चाक फिरवून बघितलं का. चांगला मिस्त्री अशा प्रश्नांवर चिडत नाही, उलट हातातला पाना ठेवून स्वतः चाक फिरवून दाखवतो.