कादंबरीचा सारांश : शेवट लपवू नका!

आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने लिहू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तीनशे पानांची पहिली कादंबरी पूर्ण झाली की प्रकाशक म्हणतो, ‘आधी दोन पानांत सारांश पाठवा.’ आणि तीनशे पाने लिहिणाऱ्याला ही दोन पाने जड जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील काही नवलेखकांचे असे सारांश आम्ही वाचले. बहुतेकांत एक वाक्य ठरलेले असते : ‘ही कादंबरी दलित जीवनाचे विदारक चित्रण करते.’ यातून वाचणाऱ्याला काय कळणार? माणूस कोण, गाव कोणते, घडले काय?

आम्ही व्यवसायाने वकील. उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करताना सुरुवातीलाच सिनॉप्सिस जोडतात. कोणत्या तारखेला काय घडले, त्यातून कोणता हक्क डावलला गेला आणि मागणी काय, हे न्यायमूर्तींना तेथेच कळले पाहिजे. ‘अशिलावर घोर अन्याय झाला’ एवढेच लिहून भागत नाही. अन्याय घटनांतून दिसावा लागतो. कादंबरीच्या सारांशाचेही तेच आहे. फरक एवढाच, की येथे कायद्याच्या कलमाऐवजी माणसाचा निर्णय महत्त्वाचा.

उदाहरण घेऊ. समजा, कादंबरी आपल्या कोकणातील खोतीवर आहे. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. त्या काळातील गोष्टीचा सारांश ‘खोताच्या जुलमाखाली पिचलेल्या कुळाची करुण कहाणी’ असा लिहिला, तर ती शंभर कादंबऱ्यांना लागू पडेल. त्याऐवजी असे लिहावे :

‘मुंबईच्या गिरणीत काम करणारा तरुण बाप आजारी पडल्यामुळे गावी येतो. खोत त्याला वेठीला बोलावतो. तो नकार देतो. म्हणून खोत जमीन काढून घेतो. म्हणून तरुण वाडीतील कुळांना एकत्र करतो. पण सख्खा भाऊ फुटतो आणि खोताच्या बाजूने साक्ष देतो. तरुण खटला हरतो. मात्र पुढच्या हंगामात वाडीतला एकही माणूस वेठीला जात नाही.’

यात ‘विदारक’, ‘करुण’ असे विशेषण एकही नाही. वाक्ये एकमेकांना ‘म्हणून’, ‘पण’, ‘मात्र’ अशा दुव्यांनी बांधलेली आहेत. ‘आणि मग, आणि मग’ असे होऊ लागले, की समजावे, दुवा निसटला. दुसरे, शेवट सांगितला आहे. पुष्कळ नवलेखक ‘पुढे काय होते ते कादंबरीतच वाचा’ असे लिहून थांबतात. ती जाहिरात झाली. कादंबरी नीट संपते की नाही, हे पाहण्यासाठीच तर सारांश मागितलेला असतो! मुख्य पात्रे तीन-चारच घ्यावीत, क्रियापदे वर्तमानकाळी ठेवावीत आणि स्वतःच्या लेखनाची स्तुती स्वतः करू नये.

सरावासाठी अण्णा भाऊ साठे यांची १९५९ची ‘फकिरा’ घ्या. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी दहा ओळींत लिहून पाहा. फकिरा धान्य लुटतो ते भुकेल्यांसाठी आणि शेवटी स्वतःला सरकारच्या स्वाधीन करतो तेही आपल्या माणसांसाठी. तो केवळ सोसणारा नाही, ठरवणारा आहे. ‘विदारक चित्रण’ या शब्दांत नेमका हाच माणूस हरवतो. म्हणून आमच्या मते हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. आपला नायक आपणच बिचारा करून पाठवला, तर दुसऱ्याने त्याला माणूस म्हणून का वाचावे? आणि जात हे घटनेचे कारण असेल, तर ते सारांशात स्पष्ट लिहावे. प्रकाशकाला रुचेल की नाही, या भीतीने ते गाळू नये.

याच जिल्ह्याच्या उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. आईचे विणणे आणि लेकीचे लिहिणे त्या एका शब्दात आले. थोडक्यात सांगणे म्हणजे कमी सांगणे नव्हे, हे यावरून शिकावे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठीच आहे. तिचे नियम मागवून वाचा. अर्ज करा. कादंबरी अजून अर्धी असेल, तरी आजच सारांश लिहायला बसा. कथेचा दुवा कोठे तुटला आहे, ते दोन पानांत लगेच दिसेल. बाबासाहेबांनी आपल्याला युक्तिवाद नेमका मांडायला शिकवले. तीच शिस्त आता आपल्या कादंबरीलाही लावू या.