सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण : शाखेची निवड

पावसाळ्यात एखाद्या गावी अतिसाराची साथ उद्भवते. डॉक्टर रुग्णांवर उपचार करतात. परंतु साथीचा उगम कोठे झाला व ती पुन्हा उद्भवू नये म्हणून काय करावे, हे प्रश्न सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे होत. यांपैकी कोणत्या कामाकडे आपला ओढा आहे, हे पाहूनच पदवीधराने शाखा निवडावी.

रुग्णांच्या चौकशीतून दूषित विहिरीपर्यंत माग काढणे हे साथरोगशास्त्राचे कार्य. नोंदींच्या आकड्यांतून निष्कर्ष काढते ती जैवसांख्यिकी. टी.सी.एल. पावडर, औषधे व कर्मचारी वेळेवर पोहोचतील अशी व्यवस्था आरोग्य प्रशासन करते. तर पाणी शुद्ध करून पिण्याची सवय लोकांत रुजविणे हे आरोग्य शिक्षणाचे क्षेत्र आहे.

एम.बी.बी.एस. पदवीधरांना या विषयात तीन वर्षांचा एम.डी. अभ्यासक्रम उपलब्ध आहे. दोन वर्षांच्या एम.पी.एच.साठी मात्र अनेक संस्थांत परिचर्या, दंतवैद्यक, आयुर्वेद, तसेच समाजशास्त्राचे पदवीधरही पात्र ठरतात. आकडेवारीची आवड असणाऱ्यांसाठी मुंबईत १९५६ मध्ये स्थापन झालेली लोकसंख्याविज्ञान संस्था आहे.

एम.पी.एच.मुळे रुग्णोपचाराचा अधिकार प्राप्त होत नाही आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अनेक पदे कंत्राटी असतात, याची जाणीव प्रवेशापूर्वीच असावी. यास्तव शिक्षकांनी मार्गदर्शन करताना अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्यातील क्षेत्रकार्य, प्रवेशाची पात्रता व पुढील पदांच्या सेवाशर्ती तपासून पाहण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. योग्य शाखेत घडलेला कार्यकर्ता गावाची विहीर दूषित होण्यापूर्वीच कामाला लागतो.