ऐतिहासिक उद्यानांचे शाश्वत पुनरुज्जीवन : मुंबईच्या राणीबागेच्या संदर्भात

प्रस्तावना :

शहरातील जुन्या उद्यानाची दुरवस्था झाली की त्यावर बहुधा एकच उपाय सुचविला जातो, तो म्हणजे कायापालट. जुने पाडून नवे उभारावे, पायवाटांवर फरशी घालावी, कारंजी व रोषणाई करावी, असा हा मार्ग असतो. यातून उद्यान नवे दिसते. परंतु ते ऐतिहासिक राहत नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील भायखळ्याच्या राणीबागेच्या आधारे ऐतिहासिक उद्यान आणि त्यातील वास्तू यांच्या शाश्वत जतनाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक उद्यान ही संकल्पना :

ऐतिहासिक उद्यानांच्या जतनासाठी १९८१ मध्ये फ्लॉरेन्स येथे एक आंतरराष्ट्रीय सनद तयार करण्यात आली. ऐतिहासिक उद्यान हे स्मारकच होय. मात्र त्याचे मुख्य घटक वनस्पती असल्यामुळे ते सजीव, नश्वर आणि पुन्हा निर्माण होऊ शकणारे स्मारक आहे, ही तिची मूळ भूमिका आहे. दगडी इमारत एकदा सावरली की काही वर्षे निश्चिंत राहता येते. उद्यानाच्या बाबतीत तशी सोय नाही. त्याचे जतन ही दररोज करावयाची क्रिया असते.

राणीबागेची पार्श्वभूमी :

'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेची बाग पूर्वी शिवडी येथे होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्यामुळे भायखळ्यास नवे उद्यान उभारण्यात आले व १८६२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. 'व्हिक्टोरिया गार्डन्स' असे त्याचे मूळ नाव. १८७३ मध्ये त्याची व्यवस्था नगरपालिकेकडे आली. पुढे त्यात प्राणिसंग्रहालयाची भर पडली. आज 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' हे त्याचे अधिकृत नाव असले तरी लोकांच्या तोंडी 'राणीबाग' हेच नाव आहे. याच परिसरात १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय सुरू झाले. त्याच्या उभारणीसाठी झटणाऱ्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड व जगन्नाथ शंकरशेट हे अग्रणी होते. १९७५ मध्ये संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

वास्तूचे जतन :

विसाव्या शतकाच्या अखेरीस संग्रहालयाची अवस्था शोचनीय झाली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि 'इन्टॅक' ही वारसा जतन करणारी संस्था यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, अर्थसाहाय्य प्रतिष्ठानाचे आणि तांत्रिक जबाबदारी इन्टॅकची, अशी ही विभागणी होती. ओतीव लोखंडाचे खांब, नक्षीदार छत, जुन्या फरशा आणि लाकडी काचपेट्या बदलून न टाकता कुशल कारागिरांकरवी पूर्वस्थितीत आणण्यात आल्या. २००५ मध्ये या कामास युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला व २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

अशा कामात साहित्याची निवड निर्णायक ठरते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओलावा शोषतो व बाहेरही सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे घाईने केलेली 'पक्की' दुरुस्तीच वास्तूचे आयुष्य कमी करते.

वृक्षसंपदेचा प्रश्न :

वास्तूबाबत दाखविलेला हा विवेक उद्यानाच्या वाट्यास मात्र सहज आला नाही. राणीबागेत ३,००० हून अधिक वृक्ष असून त्यांत गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी यांसारखे वृक्ष आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या आधुनिकीकरणाचा कित्येक कोटींचा आराखडा पुढे आला, तेव्हा या वनस्पती उद्यानाचे काय होणार, ही चिंता नागरिकांनी व्यक्त केली. त्यांनी अभियान उभारले, एकेका वृक्षाची नोंद केली आणि हे आधी वनस्पती उद्यान आहे, प्राणिसंग्रहालय नंतरचे, ही बाब शासनापुढे मांडली. आराखडा पुढे बदलला. तथापि २०१७ मध्ये पेंग्विन कक्ष खुला झाल्यावरही वाद शमला नाही.

यातील शास्त्रीय मुद्दा महत्त्वाचा आहे. वृक्ष तोडला नाही म्हणजे तो वाचला, असे होत नाही. अन्नपाणी शोषणारी बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या थरातच, खोडापासून दूरवर पसरलेली असतात. यंत्रांच्या वजनाने माती दबली, बुंध्याभोवती काँक्रीट झाले किंवा भराव पडला तर मुळांना हवा मिळत नाही. असा वृक्ष काही वर्षांनी वठतो. तोवर बांधकाम विस्मरणात गेलेले असते आणि दोष वादळाला दिला जातो.

दिल्लीचे उदाहरण :

दिल्लीत हुमायूनच्या कबरीलगतच्या सुंदर नर्सरीच्या बाबतीत दोन्ही अंगांचा एकत्र विचार झाला. नव्या राजधानीसाठी रोपे तयार करण्याकरिता विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली ही रोपवाटिका पुढे उपेक्षित राहिली. २००७ मध्ये शासकीय संस्था व आगाखान सांस्कृतिक न्यास यांच्यात करार झाला. तेथील मुघलकालीन वास्तू पारंपरिक साहित्य व कारागिरीने दुरुस्त करण्यात आल्या, जुने वृक्ष राखून नवी लागवड झाली आणि सुमारे ९० एकरांचे हे उद्यान २०१८ मध्ये जनतेस खुले झाले.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) आराखड्यापूर्वी वास्तू व वृक्ष या दोहोंची तपशीलवार नोंद आवश्यक आहे. ज्याची नोंद नाही ते नष्ट झाल्याचेही कळत नाही.

२) दुरुस्तीपेक्षा देखभाल महत्त्वाची. नैमित्तिक निधीने उद्घाटन होते, उद्यान टिकत नाही. वार्षिक तरतूद व प्रशिक्षित माळी यांना पर्याय नाही.

३) मालकी, निधी व तंत्रज्ञान यांची जबाबदारी लिखित स्वरूपात निश्चित असावी आणि नागरिकांना त्यात स्थान असावे.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावी राणीबाग नाही. परंतु मराठवाड्यातील जुन्या बारवा, देवस्थानांचे व दर्ग्यांचे परिसर आणि त्यांभोवतीचे वड-पिंपळ यांच्यापुढे हाच प्रश्न उभा आहे. बारवेला सिमेंट आणि पिंपळाला काँक्रीटचा पार, ही सुधारणेची रीत येथेही रूढ होत आहे. वनस्पतिशास्त्र विभागाने वृक्षांची, इतिहास विभागाने वास्तूंची, भूगोल विभागाने जलस्रोतांची आणि मराठी विभागाने वृद्धांच्या आठवणींची नोंद केली, तर नगरपरिषदेच्या हाती कामाचा आधार येईल. हे काम महाविद्यालयाला मोठ्या निधीविना करता येण्याजोगे आहे. आणि जुनी झाडे व जाणती माणसे आहेत तोवरच ते करता येईल.