इंदूर-महूची मराठी आणि आपल्या गावची शाळा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म कोठे झाला, असे वर्गात विचारले की चौथीतला मुलगाही ‘महू’ असे चटकन सांगतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे हे मराठी कुटुंब नर्मदेपलीकडे महूला का राहत होते, हा पुढचा प्रश्न विचारला की मोठी माणसेही थबकतात. त्याच्या उत्तरात इंदूर शहराचा दोनशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आम्हा सीमाभागातील मराठी माणसांनी ध्यानी घ्यावी अशी एक गोष्टही त्यात आहे.

तहातून उभी राहिलेली छावणी

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत इंग्रजांनी होळकरांचा पराभव केला. पाठोपाठ ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने बोलणी केली ती तात्या जोग यांनी. त्यांचे आडनाव किबे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि तेथून सुमारे सात कोसांवर, महू येथे, इंग्रजांनी आपली फौज ठेवली.

‘महू’ हे नाव ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. ती मागाहून जुळवलेली कथा आहे. तेथे त्या नावाचे गावच होते, त्यावरून छावणीचे नाव पडले.

याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवीत. त्यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. २००३ मध्ये शासनाने महूचे नाव बदलून डॉ. आंबेडकर नगर केले. हेच बाबासाहेब एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी आपल्या निपाणीला आले होते.

कर्ज देणारे संस्थान

इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागून मोठी हानी झाली. आजही शहराचा मध्य तोच मानला जातो.

खांडवा-इंदूर रेल्वेची हकिकतही फारशी कोणाला ठाऊक नाही. इंग्रजांनी संस्थानिकांकडून पैसा उकळला हे आपण शाळेत शिकतो. पण १८७० मध्ये या रेल्वेसाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारलाच एक कोटी रुपये कर्ज दिले, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने! महूची छावणी याच मार्गावर आली.

इंदूरची सकाळ पोहे आणि जिलेबीने सुरू होते. अनंत चतुर्दशीला तेथे रात्रभर चित्ररथांची मिरवणूक निघते. कापड गिरण्यांच्या कामगारांनी ही प्रथा वाढवली. गिरण्या बंद पडल्या तरी मिरवणूक बंद पडली नाही.

आपल्या जिल्ह्याचाही एक धागा माळव्यात गुंतला आहे. कुमार गंधर्व मूळचे बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे, मातृभाषा कन्नड. क्षयाने आजारी असताना १९४८ मध्ये ते इंदूरजवळच्या देवासला राहायला गेले आणि तेथलेच झाले. माळवी लोकगीते त्यांनी शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आणली आणि मराठी रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

एका शहरात दोन भाषांची संमेलने

मराठी साहित्य संमेलन इंदूरला प्रथम भरले ते १९१७ साली, गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली. पुढच्याच वर्षी त्याच शहरात हिंदी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. १९३५ साली तर दोन्ही संमेलने इंदुरातच झाली. मराठीचे अध्यक्ष औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, हिंदीचे पुन्हा गांधीजी. मधल्या काळात, १९२६ मध्ये, इंदूरचे सरदार माधवराव किबे यांना मुंबईच्या मराठी संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले होते.

बेळगावला १९२९, १९४६ आणि २००० साली संमेलन झाले. १९४६ च्या संमेलनातच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००० साली बेळगावहून उठलेला मांडव २००१ साली पडला तो थेट इंदुरात!

लिपीने दिलेला आधार

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आम्ही काळा दिन म्हणून पाळतो. त्याच दिवशी इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले. होळकरांचे दप्तर मोडीत लिहिले जाई. त्यांचे राज्य गेले आणि कचेरीतून मराठीही गेली. तरीही तेथे मराठी नाटकाला प्रेक्षक आहेत, वाचक आहेत, संस्था आहेत. हे कसे घडले?

तेथल्या मराठी घरांची निष्ठा हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांना अधिक दिसते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच. इंदूरचा मराठी मुलगा हिंदी शाळेत शिकला तरी देवनागरी अक्षर त्याच्या हाती आपसूक येते. घरी आजीने मराठी बोलत ठेवले की मराठी पुस्तक तो अडखळत का होईना, वाचू शकतो.

आपल्या मुलाला ही सोय नाही. तो कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेला की त्याची लिपीच बदलते. हिंदीच्या तासाला देवनागरी भेटते, पण ती उशिरा आणि परक्या विषयासारखी. घरात मराठी बोलणारा, पण तुकोबांचा अभंग वाचता न येणारा मुलगा आपल्या गावांत दिसू लागला आहे. इंदूरला राजवाडा होता, सरदार होते, संमेलने होती. आपल्या गावात मराठी अक्षर देणारी एकच जागा आहे, ती म्हणजे प्राथमिक शाळा. पट घटला की तिचे भवितव्यच धोक्यात येते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलांनी कन्नड उत्तम शिकावी, इंग्रजीही शिकावी; त्यात विरोध कसला? पण पहिली अक्षरे मराठी शाळेत गिरवावीत. येत्या जूनआधी आपल्या गल्लीत पाच-सहा वर्षांची किती मुले आहेत ते मोजा आणि त्यांच्या घरी जाऊन बोला. जी मुले आधीच दुसऱ्या माध्यमात गेली आहेत, त्यांना रोज संध्याकाळी हे वर्तमानपत्र पंधरा मिनिटे मोठ्याने वाचायला बसवा. अडेल तिथे शेजारी बसून अक्षर सांगा.