शॉकअपची पत्रिका जुळवताना



मंडळाच्या गेल्या पिकनिकला पार्किंग लॉटमध्ये आमची लाल मियाटा बघून तीन-चार जणांनी एकच प्रश्न विचारला, "एवढ्या जुन्या गाडीचे पार्ट्स मिळतात का हो?" मिळतात, भरपूर मिळतात! खरी पंचाईत पुढेच आहे. मिळालेला पार्ट गाडीला बसतो, पण जमतो का? स्थळं ढीगभर येतात, पत्रिका जुळायला हवी ना, तसंच हे! आम्ही ही पत्रिका न बघताच लग्न लावून मोकळे झालो होतो. ती गोष्ट आणि त्यातून शिकलेलं चार ओळींत सांगतो.

आमची फजिती

आमची गाडी १९९९ सालची, आम्ही तिचे तिसरे मालक. न्यू जर्सीतल्या हिवाळ्यानंतरचे खड्डे तुम्हाला माहीत आहेतच. खड्ड्यात चाक गेलं की मागून 'ठाक' असा आवाज यायचा. पुण्यातल्या आमच्या जुन्या मेस्त्रींच्या भाषेत सांगायचं तर शॉकअप बसले! आम्ही चार नवे शॉकअप मागवले. जुन्याच स्प्रिंगा, जुनेच वरचे माउंट ठेवून ते बसवले. सगळे बोल्ट कसे छान बसले! आम्ही खूश.

दोन आठवड्यांनी पावसात हायवेच्या एक्झिटवर वळण घेताना रस्त्याचा सांधा लागला. तोच 'ठाक' आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग एकदम सरकला. शेजारी आमची लेक बसलेली. वेग बेताचा होता म्हणून गाडी सावरली. पण कडेला थांबल्यावर पाच मिनिटं कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मग गाडी नीट उघडून पाहिली. आधीच्या कोणीतरी मालकाने गाडी बुटकी दिसावी म्हणून छोट्या स्प्रिंगा टाकल्या होत्या. मागचे माउंट आधीच्या पिढीच्या गाडीचे होते, बहुधा जंकयार्डातून आणलेले. आणि बंप स्टॉपचा तर भुगा झाला होता. नव्या शॉकअपचा काहीच दोष नव्हता!

असं का होतं?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवण्याचं. चाक वर यायला ठराविकच जागा असते, आणि ती संपत आली की बंप स्टॉप हा रबर किंवा फोमचा तुकडा शेवटचा धक्का झेलतो. स्प्रिंग आखूड झाली की गाडी खाली बसते, म्हणजे चाकाची वर येण्याची जागा आधीच खर्च झालेली असते. सरळ रस्त्यावर नुसता आवाज येतो. वळणात मात्र मऊ स्प्रिंगच्या जागी अचानक लोखंडासारखा कडकपणा येतो आणि त्या टायरची पकड सुटते. आमचं नेमकं हेच झालं.

आधी गाडीचं कूळ ओळखा

मियाटा (युरोपात तिला एमएक्स-५ म्हणतात) १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागो ऑटो शोमध्ये आली. अमेरिकेतल्या मॉडेल इयरप्रमाणे तिच्या पिढ्या अशा:

• एनए: १९९० ते १९९७. वर उघडणारे दिवे. १९९४ पासून १.६ ऐवजी १.८ लिटरचं इंजिन.
• एनबी: १९९९ ते २००५. स्थिर दिवे. (१९९८ चं मॉडेल अमेरिकेत नव्हतंच!)
• एनसी: २००६ ते २०१५.
• एनडी: २०१६ पासून पुढे.

एनए आणि एनबी सख्ख्या बहिणी. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, आणि एकीचे शॉकअप दुसरीला बसतात. पण वरच्या माउंटची घडण वेगळी आहे. एनबीच्या माउंटमध्ये शॉकअपला हालचालीसाठी जास्त जागा मिळते. म्हणून एनएचे मालक हौसेने एनबीचे माउंट लावतात. आमच्या गाडीत नेमका उलटा संसार झाला होता! एनसीचं सस्पेन्शन मात्र पूर्ण वेगळं. तिचे पार्ट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका.

शिवाय एकाच वर्षाच्या सगळ्या गाड्याही सारख्या नसतात. १९९९ च्या दहाव्या वर्धापनाच्या खास आवृत्तीत कंपनीनेच बिल्स्टाइनचे शॉकअप दिले होते. तेव्हा "१९९० ते २००५ सर्वांना चालेल" या जाहिरातीवर लगेच क्रेडिट कार्ड काढू नका.

मागवण्यापूर्वी हे करा

१. व्हिन नंबर लिहून घ्या. काचेतून डॅशबोर्डवर आणि दाराच्या स्टिकरवर तो १७ अक्षरांचा असतो. दहावं अक्षर मॉडेल इयरचं. स्टिकरवर गाडी बनल्याचा महिनाही असतो. पार्ट मागवताना नुसतं वर्ष सांगू नका, व्हिन सांगा.

२. गाडीत सध्या काय आहे ते पाहा. व्हिन फक्त कारखान्यातून काय निघालं ते सांगतो, मधल्या मालकांनी केलेले उद्योग सांगत नाही. स्प्रिंगचा रंग, शॉकअपवरचा नंबर, सगळ्याचे फोटो काढा.

३. उंची मोजा. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या आकाराने माप फसतं. डावी-उजवीकडे फार फरक दिसला तर काहीतरी गडबड आहे.

४. शॉकअपच्या दांड्याला प्लॅस्टिकची झिप टाय बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने फिरून या. ती बंप स्टॉपपर्यंत सरकली असेल तर जागा कमी पडते आहे.

५. पूर्ण कुटुंब आणा! शॉकअप, स्प्रिंग, माउंट, बंप स्टॉप आणि वॉशर एकमेकांशी जमणारे हवेत. पुढचे व मागचे शॉकअप वेगळ्या लांबीचे असतात आणि ते जोडीनेच बदलावेत.

६. जंकयार्डातून लोखंड आणा, रबर नको. आर्म वाकलेला वा गंजलेला नसेल तर चालेल. बुश, बंप स्टॉप, बॉल जॉइंट नवेच घ्या. एनए-एनबीमध्ये पुढचा वरचा बॉल जॉइंट आर्मसोबतच येतो, हेही लक्षात ठेवा.

बसवताना

दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतकी ताकद असते. शॉकअपच्या वरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसरशिवाय कधीही सोडू नका. सवय नसेल तर हे काम सरळ गॅरेजला द्या, इथे कोकणस्थी काटकसर नको! गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका, स्टँड लावा. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत बोल्ट गंजून बुशमध्ये अडकतात. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना घट्ट करा. गाडी हवेत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या.

आम्ही मूळ उंचीच्या स्प्रिंगा, एनबीचे माउंट आणि नवे बंप स्टॉप बसवले. ते चार शॉकअप तेच ठेवले. त्यानंतर एका पावसाळी संध्याकाळी मुद्दाम त्याच एक्झिटवरून गेलो. तोच सांधा लागला, गाडी हलकेच वरखाली झाली आणि वळण पार पडलं. लेक म्हणाली, "बाबा, आता मला चालवू द्या." आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

तुमच्याकडेही अशी हौसेची गाडी असेल तर पार्ट मागवण्याआधी तासभर तिच्याखाली डोकावा. पुढच्या पिकनिकला टेप घेऊन येऊ, हवं तर एकत्र मोजू!