मेलेले आटे आणि सैल बोल्ट

मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी जातीच्या टॅक्सी नाहींशा झाल्या. परंतु वडिलांनीं वा आजोबांनीं घेतलेली ही गाडी कांहीं घरांच्या आवारांत अद्यापि जिव्हाळ्यानें जपलेली आढळते. इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची ही भारतीय आवृत्ति कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे. तिच्या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा, तर त्यावरील भाग, ज्यास या धंद्यांत 'हेड' म्हणतात, तो ॲल्युमिनियमचा असतो. अशा गाडीच्या मालकास एखाद्या सकाळीं निराळाच अनुभव येतो. इंजिन सुरू करतांच फटफट असा आवाज निघूं लागतो, चारांपैकीं एक सिलिंडर काम करीनासा होतो, आणि बॉनेट उघडून पाहावें तों एक स्पार्क प्लग आपल्या भोंकांत डगमगतांना दिसतो. पान्यानें आवळूं गेल्यास तो नुसता गरगर फिरतो. मिस्त्री दोन शब्दांत निदान करतो: 'आटे मेले.' त्यापाठोपाठ दुसरें वाक्य येतें, कीं हेड बदलावें लागेल. ज्या गाडीचें उत्पादन केव्हांच थांबलें तिच्या बाबतींत या वाक्यावर गाडीचें आयुष्यच अवलंबून असतें. आणि तें वाक्य बहुधा चुकीचें असतें.

आट्यांत आटे अडकले म्हणजे बोल्टाचें काम झालें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आवळला जात असतां पोलादाचा बोल्ट अगदीं सूक्ष्म प्रमाणांत ताणला जातो, व हा ताणलेला बोल्ट एखाद्या ताठ स्प्रिंगप्रमाणें दोन भागांस एकमेकांवर दाबून धरतो. पान्यावर लावलेल्या जोरापैकीं सुमारें नऊ-दशांश जोर डोक्याखालच्या व आट्यांतील घर्षणांतच खर्ची पडतो. ताण उत्पन्न करावयास उरतो तो जेमतेम एक-दशांश. म्हणूनच तेलकट आट्यांवर तेवढाच जोर लावला असतां ताण भलताच वाढतो. शिवाय सर्व आट्यांवर सारखा भार पडत नाहीं. डोक्याच्या बाजूचा पहिला आटा एकटाच सुमारें एक-तृतीयांश भार उचलतो, दुसरा त्याहून कमी, आणि पुढच्यांच्या वांट्यास फारच थोडा येतो. पहिला तुटला कीं त्याचा भार दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, असे ते एकामागून एक कोसळतात. बोल्ट पोलादी व भोंक ॲल्युमिनियमचें असल्यास हार मऊ धातूचीच व्हावयाची.

त्यांतच उष्णतेची भर पडते. एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सळई १०० अंश सेल्सिअसनें तापली तर सुमारें २.३ मिलिमीटर वाढते. पोलादाची सळई केवळ १.२ मिलिमीटर. हे दोन धातू प्रत्येक फेरफटक्यांत एकमेकांशीं असे ओढाताण करीत असतात. तापलेल्या हेडांतून प्लग काढण्याची घाई तर आट्यांस घातक ठरते; इंजिन पूर्ण निवूं द्यावें हेंच बरें. तरीहि दोष बहुधा धातूकडे नसून हाताकडे असतो. प्लग तिरका लागला, तें हातास जाणवलें, आणि तरीहि पाना लावून तो दामटला, कीं नवे आटे जुन्यांना छेदून जातात. अनुभवी कारागीर प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्यानेंच पहिले फेरे देतात. प्लग तिरका जाऊं लागला तर रबर घसरतें. आट्यांस इजा होण्याइतका जोर त्यांतून पोंचतच नाहीं.

आटे मेलेच तर त्यावर इलाज आहे. खराब भोंक किंचित् मोठें करून त्यांत खास टॅपनें मोठ्या मापाचे नवे आटे पाडावयाचे, आणि त्यांत न गंजणाऱ्या पोलादी तारेचें वेटोळें बसवावयाचें. बाजारांत यास हेलिकॉइल म्हणतात. तारेचा छेद शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. त्यामुळें तिची बाहेरची कड नव्या आट्यांत रुतते व आंतली कड मूळ मापाचे आटे तयार करते. वेटोळें मुळांत भोंकापेक्षां अंमळ मोठें असल्यानें आंत गेल्यावर तें फुगूं पाहतें आणि आपल्या जागीं घट्ट राहतें. दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या इंजिनांत अशा वेटोळ्यांचा उपयोग झाला. हलक्या धातूच्या विमानी भागांत तीं आजहि कित्येकदां नव्या भोंकांतच, कांहीं बिघडण्यापूर्वीं, बसविलीं जातात. असें हें ठिगळ मूळ वस्त्राहून बळकट असतें.

मात्र खरी कसोटी कौशल्यापेक्षां स्वच्छतेची आहे. टॅपनें निघालेला ॲल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्यें पडला तर दुरुस्तीच अपायकारक होईल. टॅपच्या खांचांत ग्रीज भरलें म्हणजे बराचसा कीस त्यास चिकटून बाहेर येतो. परंतु हेड खालीं उतरवून, मेजावर ठेवून काम करणें सर्वांत निर्धोक. त्यासाठीं नवें गॅसकेट लागतें व मजुरी वाढते, आणि येथेंच काटकसर करण्याचा मोह पडतो. वेटोळें फिरविण्यासाठीं त्याच्या टोंकास जी शेपटी असते, ती काम होतांच लांब चिमट्यानें धरून मोडावी व बाहेर काढावी. आंत पडूं देऊं नये. भोंकाभोंवतीं तडा गेलेला असेल तर मात्र वेटोळ्याचा उपयोग नाहीं. तसेंच ब्रेकच्या व सुकाणूच्या भागांतील आटे गेले असतां तो भागच बदलावा. तेथें पैशाचा विचार गौण होय. प्लगवर सुतळी वा टेप गुंडाळण्याचे किंवा लांबी भरण्याचे प्रकार कोठें कोठें चालतात. ते म्हणजे फसवणूकच समजावी, कारण प्रत्येक स्फोटाचा दाब त्या प्लगला बाहेर ढकलीत असतो.

आटे शाबूत असूनहि बोल्ट सैल होतात, तें कोडें निराळें. जर्मन इंजिनिअर गेरहार्ट युंकर यांनीं १९६९ मध्यें दाखवून दिलें कीं, जोडलेले भाग आडव्या दिशेनें किंचित् सरकूं लागले म्हणजे बोल्ट आपण होऊन उलटा फिरतो. घराघरांत ज्यावर विश्वास ठेवला जातो तो स्प्रिंगचा वायसर अशा वेळीं फारसा उपयोगी पडत नाहीं. पुरेसा ताण असला तर भाग सरकतच नाहींत, हा खरा उपाय. त्याच्या जोडीस आट्यांवर लावण्याचा द्रव डिंक आहे. १९५३ मध्यें अमेरिकेंतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनीं तो शोधून काढला. हवा लागत असेतों तो द्रवच राहतो व आट्यांत कोंडला गेला कीं घट्ट होतो. स्पार्क प्लगला तो लावूं नये. प्लग वरचेवर काढावा लागतो.

दुरुस्त झालेल्या भोंकांत नवा प्लग बोटांनींच पूर्ण बसेपर्यंत फिरवावा, आणि मग वायसर दबण्यासाठीं पान्यानें सुमारें अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. जोर मोजणारा पाना असेल तर १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडांत अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर पुरतात. तोच प्लग पुन्हां बसवावयाचा असेल तर, वायसर आधींच दबलेला असल्यानें, एका फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरे.