ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की लायसन बदलावं लागतं का? 7,500 किलोचा नियम नेमका काय सांगतो

नोव्हेंबर लागला की मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यातल्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसतं. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, ट्रॉलीत धानाचे कट्टे आणि कट्ट्यांवर बसलेली दोन-चार माणसं. मूल हे राईस मिलचं गाव, त्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतलं धान इकडे येतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याकडे लायसन असेल तर त्यावर बहुधा 'एलएमव्ही' लिहिलेलं असतं. एलएमव्ही म्हणजे लाइट मोटर व्हेईकल, हलकं मोटार वाहन.

आता हिशोब करून बघा. सरकारी खरेदीतला एक कट्टा 40 किलोचा. असे 100 कट्टे भरले की 4 टन झाले. त्यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन आणि ट्रॅक्टरचे साधारण दोन टन मिळवा. एवढं वजन रस्त्यावर ओढणारी गाडी 'हलकी' कशी? आणि उद्या अपघात झाला, तर 'तुमच्या ड्रायव्हरकडे योग्य लायसनच नव्हतं' असं म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते का?

देशभरातल्या कोर्टांमध्ये यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापर्यंत गेलं.

आधी एक गैरसमज दूर करू

गाडीला ट्रेलर जोडण्याचे नियम इंटरनेटवर शोधले की 3,500 किलो आणि 750 किलो हे दोन आकडे वारंवार समोर येतात. हे आकडे खरे आहेत, पण ते युरोपातले. तिथे कारच्या साध्या लायसनवर 3,500 किलोपर्यंतची गाडी आणि तिच्यामागे 750 किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. त्याहून जड ट्रेलर असेल तर दोघांचं मिळून वजन बघितलं जातं आणि ते मर्यादेबाहेर गेलं की जादा परवानगी किंवा वेगळी परीक्षा लागते. ब्रिटनमध्ये 1997 पासून पास झालेल्यांना असंच बंधन होतं. 16 डिसेंबर 2021 पासून तिथे साध्या कार लायसनवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी मिळाली. तुमचा भाऊ लंडनला असेल आणि कारमागे कॅराव्हॅन लावून फिरायला जात असेल, तर हे त्याच्या कामाचं.

भारतात ट्रेलरसाठी असा वेगळा वर्ग कायद्याने केलेलाच नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 10 मध्ये लायसनचे प्रकार दिलेत: बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, दिव्यांगांसाठी बदल केलेलं वाहन, हलकं मोटार वाहन, ट्रान्सपोर्ट वाहन, रोड रोलर आणि विशिष्ट वर्णनाचं वाहन. यात ट्रेलर नावाचा स्वतंत्र प्रकार नाही. आपल्याकडचा कळीचा आकडा वेगळाच आहे, 7,500 किलो.

7,500 किलो, पण कशाचे?

सगळा घोळ इथे आहे. कायद्याच्या कलम 2(21) मध्ये हलक्या वाहनाची व्याख्या आहे आणि त्यात वजन मोजायच्या दोन पद्धती आहेत. मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी असेल तर तिचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक तिच्यात भरायला परवानगी असलेला माल, 7,500 किलोच्या आत हवं. मोटारकार, ट्रॅक्टर किंवा रोड रोलर असेल तर मात्र फक्त रिकाम्या गाडीचं वजन बघायचं.

दोन्ही आकडे तुमच्या आरसीवर असतात. 'अनलेडन वेट' म्हणजे रिकामं वजन, 'ग्रॉस व्हेईकल वेट' म्हणजे मालासकट मंजूर वजन. हे दुसरं वजन आरटीओने मंजूर केलेलं असतं. तुम्ही त्या दिवशी गाडीत काय भरलंय, याच्याशी त्याचा संबंध नाही.

शेतीचा नेहमीचा ट्रॅक्टर रिकामा दोन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे 7,500 च्या मर्यादेपासून तो फार लांब आहे. ट्रॅक्टर हलकाच ठरतो.

मग ट्रॉलीचं काय?

विमा कंपन्यांचा युक्तिवाद असा होता: ट्रॅक्टर एकटा असेल तोवर ठीक, पण मागे ट्रॉली जोडून माल भरला की ते मालवाहू वाहन झालं, आणि त्यासाठी ट्रान्सपोर्टचं लायसन हवं. ऐकायला यात तथ्य वाटतं. 2001 मध्ये नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर चालवण्याचं वैध लायसन आहे, तो केवळ मागे ट्रेलर जोडला म्हणून अपात्र ठरत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

तरी वाद संपला नाही, कारण मूळ गोंधळ ट्रॉलीपेक्षा मोठा होता. 1994 साली कायद्यात बदल झाला. आधी लायसनवर मध्यम मालवाहू, जड मालवाहू, मध्यम प्रवासी, जड प्रवासी असे वेगवेगळे प्रकार होते. ते काढून त्या जागी 'ट्रान्सपोर्ट वाहन' हा एकच शब्द आला. आता बाजारात भाजी नेणारा 'छोटा हत्ती' टेम्पोही ट्रान्सपोर्ट आणि 28 टनांचा दहाचाकी ट्रकही ट्रान्सपोर्ट. मग एलएमव्ही लायसनवाल्याने छोटा हत्ती चालवायचा की नाही? यावर कोर्टांचे निकाल दोन्ही बाजूंनी लागत राहिले.

3 जुलै 2017 रोजी मुकुंद देवांगन खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की 7,500 किलोच्या आतलं वाहन चालवायला एलएमव्ही लायसन पुरेसं आहे, त्यावर ट्रान्सपोर्टचा वेगळा शेरा लागत नाही. त्याच वर्षी संत लाल विरुद्ध राजेश या प्रकरणात माल भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीलाही हाच न्याय लावला गेला. विमा कंपन्यांना हे पटलं नाही आणि विषय मोठ्या पीठाकडे गेला.

6 नोव्हेंबर 2024 रोजी बजाज अलायन्झ विरुद्ध रंभा देवी या खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी एकमताने 2017 चा निकाल कायम ठेवला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिलं. एलएमव्ही लायसनवाल्यांनी ट्रान्सपोर्ट वाहनं चालवल्यामुळे अपघात वाढल्याचं दाखवणारी ठोस आकडेवारी कोर्टासमोर आलीच नाही, हेही त्यात नोंदवलं आहे. ट्रान्सपोर्ट लायसनच्या जादा अटी 7,500 किलोच्या वरच्या वाहनांसाठीच आहेत. ई-रिक्षा आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांचे विशेष नियम मात्र तसेच आहेत.

थोडक्यात, एलएमव्ही लायसनवर ट्रॅक्टर-ट्रॉली चालते. कारमागे छोटा ट्रेलर लावणाऱ्यांनाही व्याख्येतला तोच निकष आहे, कारण कारचंसुद्धा रिकामं वजनच मोजलं जातं. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक या लायसनवर अजिबात चालत नाहीत. त्यासाठी वयाची 20 वर्षं पूर्ण हवीत आणि हातात किमान एक वर्ष जुनं एलएमव्ही लायसन हवं.

लायसन बरोबर असूनही पैसे अडकतात

गावाकडच्या ट्रॅक्टर मालकांनी खरं तर यापुढचा भाग जास्त लक्ष देऊन वाचायला हवा. लायसनचा प्रश्न कोर्टाने सोडवला, पण ट्रॉलीचे आणखी प्रश्न उरतातच.

कायद्याच्या व्याख्येत 'मोटार वाहन' या शब्दात ट्रेलरही येतो. ट्रॉलीला इंजिन नाही, पण कागदोपत्री ती वेगळी गाडी आहे. तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा आणि विम्यातही तिचा उल्लेख हवा. वर्कशॉपमधून बनवून आणलेली, पासिंग न केलेली ट्रॉली गावोगावी दिसते. ट्रॅक्टरचा विमा भरलाय म्हणजे ट्रॉलीचाही झाला, असं गृहीत धरलं जातं. ते चूक आहे.

दुसरं म्हणजे वापर. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शेतीचा ट्रॅक्टर हे ट्रान्सपोर्ट वाहन नाही आणि त्याची ट्रॉली शेतमालासाठी आहे. धान मिलवर नेणं त्यात बसतं. तोच ट्रॅक्टर भाड्याने रेती, मुरूम, विटा वाहायला लावला की विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

तिसरं वजन. लायसनची मर्यादा आणि ट्रॉलीची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलएमव्ही लायसन आहे म्हणून ट्रॉलीत कितीही भरता येत नाही. मंजूर वजनापेक्षा जास्त भरलं तर कलम 194 मध्ये 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. दंड बाजूला ठेवला तरी साधं गणित आहे: बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. म्हणजे दोन टनांचा ट्रॅक्टर स्वतःच्या चाकांवर मागचे पाच-सहा टन थांबवायचा प्रयत्न करतो. उतारावर ट्रॉली पुढे ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. तिथे रात्री टेललाइट आणि रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणि चौथं, ट्रॉलीत बसलेली माणसं. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीवर जातात त्या याच ट्रॉलीतून. पण ट्रॉली माणसं नेण्यासाठी नाही. ट्रॅक्टरवर सीट एकच, ड्रायव्हरची. 2007 च्या ब्रिज मोहन खटल्यात वीटभट्टीसाठी माती नेणाऱ्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता, ट्रॉलीचा विमाच नव्हता. विमा कंपनी जबाबदार नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. तरी मजुराची गरिबी बघून कोर्टाने विशेष अधिकार वापरले: कंपनीने आधी मजुराला पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे मजुराला भरपाई मिळाली, पण शेवटी बोजा ट्रॅक्टर मालकावरच आला.

हंगामाआधी ट्रॅक्टरची आरसी, ट्रॉलीची आरसी, पॉलिसी आणि ड्रायव्हरचं लायसन एकत्र समोर ठेवून बघा. पॉलिसीत ट्रॉलीचा नंबर आहे का आणि वापराच्या रकान्यात काय लिहिलंय, ते तपासा. लायसनची तारीखही बघा, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यावर मिळणारी 30 दिवसांची सवलत गेली आहे. लायसन आणि आरसीचं हे सगळं मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दिसतं, त्यासाठी चंद्रपूरच्या आरटीओपर्यंत जायची गरज नाही. ट्रॉलीची नोंदणीच झालेली नसेल, तर मात्र जावंच लागेल.